पाच वाजता आलेला मजूर

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात भल्या पहाटेपासून रस्त्याच्या कडेला मजूर उभे असतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेली जोडपी, हातात कात्री, पिशवीत भाकरीचा डबा. पिकअप येते, मालक माणसं मोजून घेतो. आधी तरणीताठी, मग सराईत हाताची. मागे राहतात ते म्हातारे, अंगावर मूल असलेल्या बाया, पाय ओढत चालणारा एखादा. दिवस वर आला की गाड्या येणं थांबतं. उरलेल्यांनी डबा न उघडता परत फिरायचं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, येशू द्राक्षमळ्याचा दृष्टान्त सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असाच चौक उभा राहिला असणार. तिथला मालक मात्र निराळा आहे. तो पहाटे येतो, नऊला येतो, बाराला, तीनला येतो आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाच वाजता पुन्हा येतो. कामाला माणसं कमी पडली होती असं येशू कुठंही म्हणत नाही. चौकात अजून कोणी उभं आहे, हे मालकाला ठाऊक आहे. संध्याकाळी तो शेवटी आलेल्यांनाही पुरा रोज देतो आणि पहाटे आलेले चिडतात.

तुम्ही या गोष्टीत कुठं उभे आहात, हे एकदा शांतपणे पाहा. आपण बहुतेक जण जन्मापासून मंडळीत वाढलेले. संडेस्कूल, नाताळची नाटकं, दृढीकरण, तरुण संघ, महिला मंडळ. त्यामुळे नकळत आपण स्वतःला पहाटेचे मजूर समजतो आणि देवाकडे रोजंदारीवर असल्यासारखं जगतो. मला आज या लेखात एवढंच मांडायचं आहे की कृपा म्हणजे मजुरी नव्हे, आणि हे नुसतं पटून भागत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ते अंगवळणी पाडावं लागतं.

रोजंदारीची सवय आधी ओळखायला शिकूया. दोन दिवस प्रार्थना झाली नाही आणि तिसऱ्या दिवशी गाडी घसरली, तर मनात पहिला विचार येतो, देवानं धडा शिकवला. पोराला ताप आला की आपण विचारतो, माझं काय चुकलं? शेजारच्या कुटुंबाला, जे फक्त नाताळला चर्चमध्ये दिसतं, नवा फ्लॅट मिळाला की पोटात काहीतरी डाचतं. साक्ष द्यायला उभं राहायचं ते फक्त नोकरी लागल्यावर, लग्न ठरल्यावर. नोकरी गेलेल्या वर्षी आपण मागच्या बाकावर बसतो. या सगळ्यात एक वही दडलेली आहे. डाव्या पानावर मी केलेलं, उजव्या पानावर देवाकडून येणं.

ही वही किती चिवट असते, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. त्यांचं बालपण तीर्थयात्रांत गेलं. आईवडील पुराणं सांगत गावोगाव फिरले, व्रतं केली, होतं नव्हतं ते दान केलं, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात दोघंही गेली, मोठी बहीण गेली. पुढे पती बिपिनबिहारी लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच वारले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता वही मिटली असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की त्यानंतरही जवळजवळ आठ वर्षं त्यांना चैन नव्हतं. धर्म हाती आला होता, ज्याच्यामुळे त्या धर्मात जीव आहे तो ख्रिस्त अजून भेटायचा होता, अशा अर्थाचं त्या लिहितात. त्या काळात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हॅसलम स्वतः उपदेशक असूनही, व्यासपीठावर उभं राहून बोलता बोलता त्याला स्वतःलाच तारणाची ओळख पटली होती. रमाबाई थांबल्या. आपण आजवर विश्वासाचा विचार केला, तत्त्वं मान्य केली, सेवाही केली, पण जसे आहोत तसे ख्रिस्ताच्या हाती स्वतःला दिलं का? तेव्हा त्या विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या, देशभर नावाजलेल्या विदुषी होत्या. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षं लागली. तुम्हाआम्हाला वेळ लागला तर खचून जायचं कारण नाही.

आणि कृपा उमगल्यावर माणूस हातावर हात ठेवून बसतं, असा समज असेल तर केडगावकडे पाहावं. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. पैसा कुठून येणार हे ठरलेलं नव्हतं. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, विहिरी खणल्या, छापखाना चालला, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. इतकं काम देवाला खूश करण्यासाठी होत नसतं. देव आधीच आपला झाला, या निश्चिंतीतून ते होतं. पौल इफिसकरांना लिहितो त्यात क्रमही हाच आहे: तारण देणगी म्हणून मिळतं, सत्कृत्यं त्यानंतर येतात. क्रम उलटला की सुवार्तेची नोकरी होते.

आता दिवसाकडे येऊ.

सकाळी डोळा उघडल्या उघडल्या हात मोबाइलकडे जातो. त्याआधी दोन मिनिटं अंथरुणावरच बसा, तळहात उघडे ठेवा. काही मागू नका. आज जे मिळालं आहे त्यातल्या तीन गोष्टी नावानं घ्या: श्वास, पाणी, शेजारी झोपलेलं माणूस, जे असेल ते. पहिलं वाक्य देवाच्या देण्याविषयी आणि दुसरं आपल्या कामाविषयी, एवढी शिस्त लावली तरी दिवसाची चाल बदलते. मग वाचन. वर्षभरात सगळं शास्त्र वाचायचा तक्ता पुष्कळ जण जानेवारीत भिंतीला लावतात, आणि लेवीय पुस्तकापाशी कुठंतरी अडकतात. सतरा अध्याय मागे पडले की अपराधी वाटतं, मग तक्त्याकडे पाहणंच नको होतं. मागचं भरून काढायच्या मागे लागू नका. आजची तारीख पाहा आणि तिथून वाचा. सुटलेले अध्याय तुमच्या नावावरचं कर्ज नाहीत. अरण्यातला मान्ना आठवा. लोकांनी तो रोज सकाळी वेचायचा होता, घरटी लागेल तेवढाच. ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा, म्हणजे विसाव्याची सोयसुद्धा देवानंच करून ठेवली होती. विश्वासही असाच रोजचा रोज मिळतो. पुढच्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेसाठी लागणारं धैर्य आज तुमच्याजवळ नसेल. ते आज मिळणारही नाही.

विसाव्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या रविवारविषयी बोललं पाहिजे. उपासना सुटते, अंगणात ‘जय ख्रिस्त’ होतो, पुरुष मंडळी बोलत उभी राहतात आणि घरची बाई भराभर चालत घरी जाते, कारण मटण शिजायला टाकायचं असतं, पाहुणे येणार असतात. उपदेश विसाव्यावर झालेला असतो आणि तिला दुपारी तीनपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. मार्था आणि मरीयेची गोष्ट आपण बायकांनाच सांगतो. ती घरातल्या पुरुषांनी ऐकायची आहे. महिन्यातून दोन रविवार तरी खिचडी करा, किंवा स्वयंपाक मुलांनी आणि बापानं करावा. मार्था स्वयंपाकघरातून बाहेर यायची असेल तर कोणीतरी आत गेलं पाहिजे. कृपा घरात आली आहे की नाही, हे अशा ठिकाणी कळतं.

पडल्यावर काय करायचं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, बहुतेक वेळा कुजबुजत. उत्तरासाठी जक्कयाकडे पाहा. यरीहोचा हा मुख्य जकातदार झाडावर चढून बसला होता. येशूनं त्याला हाक मारली, तुझ्या घरी उतरतो म्हणाला, आणि लोकांची कुजबुज सुरू झाली. मग जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट द्यायचं जाहीर केलं. क्रम लक्षात ठेवा. आधी येशू पाहुणा झाला, नंतर पैसे परत गेले. पैसे परत कर, मग जेवायला येतो, असं तो म्हणाला नाही. आणि पैसे परत न करता जक्कया नुसता रडत बसला, असंही झालं नाही.

तेव्हा पापाला त्याच्या नावानं हाक मारा. ‘माझ्याकडून काही चुका झाल्या असतील तर’ ही पापकबुली नव्हे. ‘मी भावाला व्यवहारात खोटं सांगितलं’, ‘मी बायकोवर हात उचलला’, ‘मी ऑफिसात दुसऱ्याच्या कामावर माझं नाव घातलं’, असं उघड शब्दांत देवापुढे म्हणा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाचा संस्कार तुमच्यासाठी आहेच. इतर मंडळ्यांतल्यांनी विश्वासू पाळक किंवा वडीलधारं माणूस गाठावं, कारण एकट्यानं केलेली कबुली आपण फार लवकर विसरतो. मग ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा आणि भरपाई करा. आणि त्यानंतर, हे अवघड आहे, थांबा. त्याच पापासाठी चाळीस दिवस स्वतःला चाबूक मारत बसू नका. तसं करणं नम्रतेसारखं दिसतं खरं, पण त्यात आपण ख्रिस्तानं फेडलेलं कर्ज पुन्हा स्वतः फेडायला निघतो.

याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. ‘प्रभू क्षमा करतो ना’ म्हणत तीच लबाडी पुन्हा करणारे. दीत्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकानं १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात याला स्वस्तातली कृपा म्हटलं. हिटलरला विरोध केला म्हणून एप्रिल १९४५मध्ये त्याला फाशी झाली. कृपा फुकट मिळते हे त्याला मान्यच होतं. तिची किंमत कोणीतरी मोजली आहे, हे तो विसरू देत नव्हता.

क्षमेपाशी आपली खरी परीक्षा होते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दृष्टान्तात एका चाकराला राजा दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. हिशोब करून पाहा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा शंभर दिनारांसाठी धरतो. हे शंभर दिनार म्हणजे क्षुल्लक रक्कम, असं उपदेशात सांगितलं जातं, पण ते खरं नाही. शंभर रोज म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. आज चारशे रुपये रोज धरला तर चाळीस हजार. तुम्हाला झालेली इजा खोटी आहे, असं येशू म्हणत नाही. भावानं सातबाऱ्यावरून तुमचं नाव काढलं असेल, सासरच्यांनी वर्षानुवर्षं अपमान केला असेल, तर ती जखम खरीच आहे. तिच्याशेजारी तो सहा कोटींचा आकडा ठेवून पाहा, एवढंच तो सांगतो. क्षमा करायला एक दिवस पुरेल असंही समजू नका. ‘प्रभू, मला आज क्षमा करण्याची इच्छा व्हावी अशी इच्छा दे’, इथूनही सुरुवात करता येते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगते. क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे. नवरा मारतो, आणि ‘सहन कर, विश्वासात राहा’ असं तुम्हाला कोणी सांगत असेल, तर तो सल्ला शुभवर्तमानातला नाही. सुरक्षित जागी जा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, आणि पाळकांना सांगा. क्षमेचा विचार सुरक्षित झाल्यावर होऊ शकतो. वाटणीच्या भांडणातही कायदेशीर हक्क मागणं पाप नाही. मागताना द्वेष पोसू नये, हे खरं.

आजारपणात तर रोजंदारीचा हिशोब फार निर्दय होतो. एका आजींना मी पाहिलं आहे. साखर वाढलेली, आणि कोणीतरी सांगितलं, विश्वास असेल तर सुई कशाला? त्यांनी इन्सुलिन बंद केलं. दवाखान्यात नेलं तेव्हा पायाची जखम फार वर गेली होती. नंतर पुन्हा त्याच लोकांनी म्हटलं, विश्वास कमी पडला. हे ऐकताना त्या बाईंचा चेहरा मला अजून विसरता येत नाही. विश्वास ही देवाला भरायची फी नाही, की थोडी कमी पडली म्हणून बरं होणं नाकारलं जाईल. मार्कच्या नवव्या अध्यायात मुलाला घेऊन आलेला बाप धड विश्वासही ठेवू शकत नाही, तसं तो रडत कबूल करतो, आणि तरी त्याचा मुलगा बरा होतो. पौलानं आपल्या शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि तो सोसायला पुरेल एवढी कृपाही राहिली. पौलाचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल? त्याचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, म्हणजे त्या काळचं औषधच. आपल्या महाराष्ट्रात तर डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली चालताना आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या आहेत. तेव्हा गोळी घेताना आभार माना आणि घ्या. मानसिक आजारालाही हेच लागू आहे. नैराश्यातल्या माणसाला ‘प्रार्थना कर, आनंदी राहा’ एवढंच सांगून सोडू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा, बाहेरच्या बाकावर बसा.

पैशाविषयी थोडक्यात. ‘इतकं बी पेरा, शंभरपट कापा’ असं कोणी अर्पणाच्या वेळी म्हणू लागलं, तर तोही रोजंदारीचाच व्यवहार आहे, फक्त देवाला मजूर केलेलं आहे. दशांश जरूर द्या, आनंदानं द्या. पण कर्ज काढून, मुलांची फी थकवून, म्हाताऱ्या आईच्या औषधांना कात्री लावून देऊ नका. आईबापांचा वाटा ‘देवाला वाहिला’ म्हणून हात झटकणाऱ्यांवर येशू किती रागावला, ते मार्कच्या सातव्या अध्यायात वाचा.

घरात सगळे एकाच विश्वासाचे नसतील तर? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांत किती दुःख, किती ताटातूट होती, ते लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे. लक्ष्मीबाई शेवटी आल्या त्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या पायांनी, आणि आल्या तेव्हा पुऱ्या आल्या. तुमचा मुलगा चर्चला यायचा बंद झाला असेल, जोडीदाराला यात रस नसेल, तर जेवणाच्या टेबलावर रोज उपदेश करू नका. त्याच्या आवडीची भाजी करा, त्याचं ऐका, आणि त्याच्यासाठीची प्रार्थना त्याला न ऐकवता करा. मालक पाचलाही चौकात येतो. तुम्ही घाई केल्यानं तो लवकर येणार नाही.

रात्री झोपण्याआधी दिवस मागे फिरवून पाहायची सवय लावा. कुठं मिळालं, कुठं चुकलं, कोणाला दुखावलं. चुकलं ते सांगून टाका, उरलेलं काम उद्यावर सोडा, आणि झोपा. अर्धवट राहिलेली प्रार्थना करता करता डोळा लागला तरी चालेल. बापाच्या मांडीवर लेकरू बोलता बोलता झोपतं, तो काही अपमान मानत नाही.

आणखी एक काम राहिलं, ते महिनाअखेरीला करायचं आहे. मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत द्यावा, असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे. दृष्टान्तातला मालकही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावतो आणि शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पाच वाजता आलेल्याच्या घरीही चूल होती, पोरं वाट पाहत होती. एका तासाच्या मजुरीत ती जेवली नसती, म्हणून त्यानं पुरा रोज दिला. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी येतात. या महिन्यात त्यांचं मूल आजारी होतं, चार दिवस आल्या नाहीत. कॅलेंडरवर आपण चार फुल्या मारून ठेवल्या आहेत. एक तारखेला त्यांच्या हातात पैसे ठेवाल तेव्हा ते खाडे कापू नका. पोराला आता कसं आहे, ते विचारा.